खोक्यातला फुटबॉल करताय? आधी या चुका टाळा

बुटाचं रिकामं खोकं, चार काड्या, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणि एक छोटा चेंडू. एवढ्यावर टेबलावरचा फुटबॉल अर्ध्या तासात तयार होतो, असं सांगणारे व्हिडिओ पाहून मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा आणि भाचीला घेऊन बसलो. पहिलं खोकं करायला दोन तास लागले आणि खेळ दहा मिनिटांत संपला. चिमटे काडीवर गरगर फिरत होते, काड्या भोकात अडत होत्या आणि चेंडू मधल्या खोलगट जागेत जाऊन बसला की हलायचं नाव घेत नव्हता. सात वर्षांच्या भाचीने निकाल दिला, "मामा, हे नुसतं शोभेचं झालंय."

दुसरं खोकं बरं होतं. तिसऱ्यावर मात्र पोरं जेवायला बोलावलं तरी उठेनात. या तिन्हींमध्ये जिथे जिथे ठेचकाळलो, ते खाली लिहितो आहे.

खेळ तसा सगळ्यांनी कुठेतरी पाहिलेला असतो. खोक्यातून आडव्या काड्या आरपार गेलेल्या, काड्यांना खेळाडू टांगलेले, काडी ढकलायची आणि मनगटाने फिरवून चेंडू मारायचा. ब्रिटनमध्ये हॅरोल्ड थॉर्नटन नावाच्या गृहस्थाने १९२३ साली अशा टेबलाचं पेटंट घेतलं होतं. त्याला ही कल्पना काडेपेटीवर आडव्या ठेवलेल्या काड्या पाहून सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी कशीही असो, पोरांना ती भारी आवडते. त्यामुळे बुटाचं खोकं म्हणजे खऱ्या टेबलाची गरीब नक्कल आहे, असं मानायचं कारण नाही.

सगळं एकदम जोडून टाकणं

आमची सर्वांत मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघाल्या. आठ भोकं पाडली, चार काड्या घातल्या, चिमटे लावले, रंग दिला आणि मग चेंडू टाकला. तेव्हा कळलं की भोकंच चुकीच्या उंचीवर आहेत. आठही.

आता आम्ही आधी एकच काडी बसवतो. एक चिमटा, एक चेंडू, दहा फटके. चेंडू नीट लागतो का, काडी सहज फिरते का, चिमटा जागचा हलतो का हे पाहायचं. हे जमलं की बाकीच्या तीन काड्यांना वेळ लागत नाही. पोरांना धीर नसतो हे खरं, पण एका काडीवर "गोल मारून दाखव" म्हटलं की तोच त्यांचा खेळ होतो.

पाय जमिनीला टेकतात किंवा चेंडूवरून जातात

काडीची उंची अंदाजाने ठरवू नका. चिमटा तोंडाने काडीला पकडवला की त्याच्या दोन शेपट्या खाली लोंबतात, तेच खेळाडूचे पाय. आमचा चिमटा सात सेंटिमीटरचा होता. काडी पकडल्यावर खाली सहा सेंटिमीटर उरले. पाय आणि मैदान यांच्यात अर्धा सेंटिमीटर फट हवी, म्हणून भोकाचा मध्य मैदानापासून साडेसहा सेंटिमीटरवर. तुमचा चिमटा वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशोब हाच.

फट याहून कमी ठेवली तर पाय घासतात आणि काडी अडखळते. फट दोन सेंटिमीटरहून जास्त झाली तर दोन सेंटिमीटरचा चेंडू पायाखालून आरामात निघून जातो आणि दोन्ही खेळाडू हवेत लाथा झाडत बसतात. पहिल्या खोक्यात आमचं नेमकं हेच झालं होतं.

यात एक खोच आहे. दुसऱ्या खोक्यात मी उंची बरोबर मोजली, भोकं पाडली आणि नंतर तळाला जाड पुठ्ठा घातला, वर हिरवा कागद. मैदान चार मिलिमीटर वर आलं आणि पाय टेकले. म्हणून आधी तळ पक्का करा, मग माप घ्या. आणि माप खालून घ्यायचं, खोक्याच्या वरच्या कडेपासून नाही. वरची कड बहुतेक वेळा वाकडी कापलेली असते.

समोरासमोरची भोकं जुळत नाहीत

दोन पोरं दोन बाजूंनी पेन्सिल खुपसत सुटली की काड्या तिरक्या बसणारच. एक लांब कागदी पट्टी घ्या, तिच्यावर चारही भोकांच्या खुणा करा आणि तीच पट्टी दोन्ही भिंतींना लावून खुणा उतरवा. पट्टी दुसऱ्या बाजूला नेताना उलटायची असते. नाहीतर एका टोकाची खूण दुसऱ्या टोकाला जाते आणि सगळं गणित बिघडतं. पट्टीच्या एका टोकाला "दार" किंवा "खिडकी" असं लिहून ठेवलं तर सात वर्षांचं पोरही चुकत नाही.

भोक कात्रीने कापू नका. मोठ्या माणसाने दाभणाने बारीक भोक पाडावं आणि पोरांनी त्यात पेन्सिल फिरवत ते हवं तेवढं रुंद करावं. भोक काडीपेक्षा जेमतेम मोठं हवं. मोठं झालंच तर खोकं टाकून देऊ नका. पुठ्ठ्याचा रुपयाएवढा तुकडा घ्या, त्याला नीट भोक पाडा आणि बाहेरून चिकटवा. खरं तर आठही भोकांना असे तुकडे आधीच लावले तर उत्तम, कारण बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा पातळ असतो आणि दोन दिवसांत भोकं लंबगोल होतात.

काडी चुकीची निवडणं

आमच्याकडे आकाशकंदिलाच्या कामट्या उरल्या होत्या, त्याच पहिल्यांदा वापरल्या. दिसायला झकास. पण कामटी चपटी असते, गोल भोकात ती फिरत नाही, खडखडते. खराट्याची काडी बारीक, फटक्यासरशी वाकते. उदबत्तीच्या काडीचं तर नावच नको. कबाबाच्या बांबूच्या काड्या गोल असतात पण आखूड पडतात. वीस सेंटिमीटर रुंद खोक्याला साधारण छत्तीस सेंटिमीटर काडी लागते, कारण ती दोन्हीकडे सरकवायची असते आणि हातात धरायला जागा हवी.

शेवटी उपयोगी पडली रद्दी. वर्तमानपत्राचं एक पान घ्यायचं, कोपऱ्यापासून तिरकं, सायकलच्या जुन्या स्पोकभोवती घट्ट गुंडाळत न्यायचं, शेवटच्या टोकाला फेविकॉल लावायचा आणि स्पोक काढून घ्यायचा. आठ मिलिमीटर जाडीची कडक नळी होते. टोकं मऊ असतात, ती कापून टाकायची. चार-पाच नळ्या फुकट जातील असं धरूनच बसा, पहिल्या सैलच होतात. आणि रात्रभर वाळू द्या! आमच्या भाच्याने तासाभरात त्यांना चिमटे लावले आणि नळ्या चेपल्या.

चिमटा फिरतो, काडी नाही

मनगट फिरवलं तरी खेळाडू तसाच लोंबत राहतो, ही हमखास येणारी तक्रार. चिमट्याची पकड गुळगुळीत काडीवर बसत नाही. ज्या जागी चिमटा येणार तिथे काडीवर रबर बँड घट्ट गुंडाळा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी लावा, मग त्यावर चिमटा. गोंदाने कायमचं चिकटवायचा मोह होतो, पण तो पहिल्या दिवशी तरी टाळा. चिमट्याची जागा दोन-तीनदा बदलावी लागतेच. शिवाय चिकटवलेली काडी खोक्यातून परत निघत नाही.

प्लॅस्टिकचे चिमटे घेऊ नका, त्यांची तोंडं बहुधा वाकडी असतात.

चिमटा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. चेंडू त्याच्या बाजूने सटकतो आणि पोरं वैतागतात. समोरच्या पायाला अडीच-तीन सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याचा खेळाडू चिकटवा. तोंड, जर्सी, नंबर काय ते पोरांना रंगवू दे. आमच्याकडे हे काम सर्वांत जास्त वेळ चाललं, कारण आम्ही कोल्हापूरचे. एका बाजूला पाटाकडील आणि दुसऱ्या बाजूला शिवाजी मंडळ, हे आमच्या गावचे दोन फुटबॉल संघ, असं ठरायला पाच सेकंद लागले आणि कोण कुठली बाजू घेणार यावर संध्याकाळ गेली. त्यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर होतो तेवढाच आरडाओरडा हॉलमध्ये झाला.

काड्यांचा क्रम

आपला गोली (गोल अडवणारा), आपला फॉरवर्ड (पुढे राहून गोल मारणारा), मग समोरच्याचा फॉरवर्ड, समोरच्याचा गोली, असं लावावंसं वाटतं. ते चूक. असं लावलं तर तुमच्या फॉरवर्डचा फटका आधी त्याच्या फॉरवर्डवर, मग गोलीवर आपटतो आणि गोल होतच नाहीत. आपला गोली, त्याचा फॉरवर्ड, आपला फॉरवर्ड, त्याचा गोली असा क्रम ठेवा.

खऱ्या टेबलावर आठ काड्या आणि एका बाजूला अकरा खेळाडू असतात म्हणून खोक्यात तेवढे कोंबायला जाऊ नका. गोलीच्या काडीवर एक, फॉरवर्डच्या काडीवर दोन, एकमेकांपासून आठ सेंटिमीटरवर. पुरे. भाच्याने हट्टाने पाच लावले होते. भिंत उभी राहिली आणि काडी सरकायला जागाच उरली नाही.

दोन काड्यांमध्ये सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवा. सहा सेंटिमीटरचा पाय पुढे-मागे चारेक सेंटिमीटरपर्यंतच दोन सेंटिमीटरच्या चेंडूला शिवू शकतो. त्याहून लांब अंतर ठेवलंत तर मध्ये कोणाचाच पाय न पोहोचणारा पट्टा तयार होतो आणि दर मिनिटाला "मामा, अडकला!" ऐकावं लागतं. बत्तीस सेंटिमीटर लांबीच्या खोक्यात टोकांना साडेपाच आणि मध्ये सात-सात, असं बरोबर बसतं. बूट मोठ्या माणसाचा हवा, लहान मुलांच्या बुटाचं खोकं अपुरं पडतं.

चेंडू

टेबल टेनिसचा चेंडू सगळ्यांच्या डोक्यात पहिला येतो. चाळीस मिलिमीटर व्यासाचा आणि २.७ ग्रॅम वजनाचा हा चेंडू बुटाच्या खोक्यात फार मोठा आणि फार हलका. उडून थेट सोफ्याखाली जातो. काचेची गोटी उलट जड, चार फटक्यांत पुठ्ठ्याला खळगे पाडते. आम्ही अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा केला. तळहातांत लाडवासारखा वळायचा, मग वाटीच्या बुडाने पाटावर दाबत फिरवायचा. दोन सेंटिमीटरचा, घट्ट. पूर्ण गोल होत नाही, थोडा वाकडा पळतो, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मजा येते.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर एवढा लहान चेंडू त्याच्या हाती लागता कामा नये. खेळ संपला की चेंडू उंच डब्यात, हा नियम पहिल्या दिवसापासून.

चेंडू मध्येच थांबतो, कोपऱ्यात मरतो

खोक्याचा तळ कधीच सपाट नसतो, घड्यांमुळे मध्ये खोलगट किंवा फुगीर होतो. आत मापात कापलेला जाड पुठ्ठा बसवा, आणि खोकं खालून परीक्षेच्या जुन्या पॅडवर चिकटवून टाका. डगमगणंही थांबतं. चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे त्रिकोण तिरपे लावा म्हणजे चेंडू घरंगळत परत मैदानात येतो. काही खऱ्या टेबलांनाही कोपऱ्यात असा उतार दिलेला असतो.

मैदान थेट खोक्यात जलरंगाने रंगवू नका. पुठ्ठा ओला होऊन फुगतो आणि वाळल्यावर लाटा येतात. वेगळ्या कार्डशीटवर रंगवा किंवा सरळ हिरवा घोटीव कागद लावा.

गोल किती मोठा?

भाचा पाचवीत, त्याला प्रमाणाचं वेड. खऱ्या मैदानाची रुंदी ६८ मीटर, गोल ७.३२ मीटर, म्हणून त्याने वीस सेंटिमीटरला दोन सेंटिमीटरचा गोल काढला. चेंडूच आत जाईना. गणित बरोबर, खेळ शून्य. साधारण एक-तृतीयांश रुंदी ठेवा, म्हणजे सहा-सात सेंटिमीटर. आणि गोलीच्या काडीवर भिंतींच्या आतल्या बाजूला रबर बँडचे जाड वेढे द्या, म्हणजे तो गोलसमोरच सरकेल, एकदम कोपऱ्यात पळणार नाही. गोलच्या मागे जुना मोजा लावला की चेंडू शोधत फिरावं लागत नाही.

काड्यांच्या टोकांना काहीतरी मऊ हवंच. एकाने जोरात ढकलली की दुसऱ्याच्या पोटात जाते, आणि वाकून बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंतही जाऊ शकते. आम्ही खोडरबरांना भोक पाडून बसवले. शिवाय काडी गरागरा फिरवायला बंदी. अर्ध्या फेरीहून जास्त फिरवली तर चेंडू समोरच्याला. बाकी नियम पोरांनी ठरवले, त्यात "आजी मध्ये आली तर गोल रद्द" हाही आहे.

एवढं सगळं करूनही जूनमध्ये खोकं नरम पडतं. आमच्याकडच्या पावसात पुठ्ठा ओल धरतो, भिंती बाहेर झुकतात आणि काड्या सैल होतात. दुरुस्त करत बसू नका. काड्या, चिमटे, खेळाडू काढून डब्यात ठेवा, मापाची कागदी पट्टी जपून ठेवा, आणि घरात कुणी बूट घेतले की खोकं आधी ताब्यात घ्या.