घरातल्या माणसाची दारू सोडवताना या चुका टाळा

भांडण व्हायचं ते नेमकं रात्रीच होतं. तो दारात झोकांड्या खात उभा असतो आणि घरचे सगळा हिशोब मांडायला बसतात: पगार कुठे गेला, पोरीच्या फीचं काय, शेजारी काय म्हणाले. सकाळी त्याला त्यातलं निम्मं आठवत नाही. मग दोन दिवस अबोला. त्या दोन दिवसांत तो न पिता, वेळेवर घरी आला तरी कुणी बोलत नाही, नुसतं ताट पुढे सरकवलं जातं. म्हणजे प्यायला की अख्खं घर त्याच्याभोवती, आणि न पिता आला तर त्याची दखलही नाही. माझ्या मते बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं. दारूबद्दलचं बोलणं सकाळी, तो शुद्धीत असताना, थोडक्यात आणि एकाच मुद्द्यावर करा. आणि न पिता आला त्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा, त्याच्या आवडीचं कालवण करा, ‘आज तू आमच्यात होतास, बरं वाटलं’ हे तोंडाने म्हणा.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अ‍ॅना गावच्या सरकारी रुग्णालयात जॉर्ज हंट आणि नेथन अझ्रिन यांनी याच तत्त्वावर उपचार उभे केले आणि १९७३ साली त्यांचे निष्कर्ष छापले. शुद्धीतलं जगणं दारूपेक्षा हवंहवंसं वाटलं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. पेशंटला नोकरी शोधायला मदत केली, नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलायला शिकवलं, आणि एका जुन्या दारूच्या गुत्त्याचा क्लब केला. तिथे पत्ते, गप्पा, जेवण सगळं होतं. पिऊन येणाऱ्याला मात्र प्रवेश नव्हता. प्रयोग लहान होता, पण पुढच्या सहा महिन्यांत या गटाचे पिण्यात गेलेले दिवस सरासरी १४ टक्के होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ७९ टक्के.

रॉबर्ट मायर्स यांनी पुढे याच विचारातून घरच्यांसाठी ‘क्राफ्ट’ ही पद्धत बांधली. तिची १९९९ साली छापलेली चाचणी मला फार बोलकी वाटते. माणूस उपचाराला तयारच नाही अशा घरांतल्या १३० जणांना वेगवेगळ्या पद्धतीने मार्गदर्शन दिलं. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के घरांतला माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारायचा, ही पद्धत शिकलेल्यांत हे प्रमाण ३० टक्केच होतं. तेव्हा मामा, काका, चुलते गोळा करून बैठक बसवण्याआधी विचार करा.

दुसरी चूक मायेपोटी होते. ‘साहेब, यांना ताप आलाय’ हा फोन बायको करते. गुत्त्यावरची उधारी आई फेडते. प्रत्येक वेळी दारूचा फटका त्याच्याऐवजी घरच्यांना बसतो. खाडा झाला तर साहेबांना तोंड त्यालाच देऊ द्या. मात्र मुलांचं अन्न, फी, घरभाडं यांना धक्का लागू देऊ नका. शक्य असेल तर तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवा.

आता जिवाशी खेळ होणाऱ्या दोन गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणं, बरळणं, थरथर सुरू होऊ शकते आणि त्यात माणूस दगावूही शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा. तसंच ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून मिळणारी पूड किंवा गोळ्या चहा-भाजीत मिसळू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असू शकतं आणि ते पोटात असताना तो प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय ते कळल्यावर तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा संशयाने पिईल.

देवासमोर शपथ किंवा गळ्यात माळ घातली की काम झालं, असंही समजू नका. कुणाला माळेचा खरंच आधार होतो. पण पगाराची तारीख, जुना कट्टा, मेव्हण्याची हळद हे सगळं जागच्या जागीच असतं. तलफ कधी, कुठे, कुणाबरोबर येते हे त्याच्यासोबत बसून लिहून काढा आणि त्या वेळेला दुसरं काही ठरवा. पगाराच्या संध्याकाळी थेट किराणा भरायला दोघांनी मिळून जाणं, एवढ्यापासूनही सुरुवात होते.

व्यसनमुक्ती केंद्रातून परत आल्यावर रोज खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं टाळा. फॉलोअप मात्र टाळू नका. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, आणि तिथे पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण घरच्यांनाही आधार लागतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या सभा आणि कुटुंबीयांसाठीच्या अल-अ‍ॅनॉनच्या सभा कुठल्याही फीविना असतात. घसरण झाली तर ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणू नका. त्याच आठवड्यात समुपदेशकाकडे न्या.

मारहाण होत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी हलवा आणि ११२ किंवा १८१ वर फोन करा.

आणि तो ‘नाही’च म्हणत असेल तर? नशामुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, १४४४६ वर, तुम्ही स्वतः फोन करा आणि जवळचं केंद्र, भेटीची वेळ, खर्च हे सगळं आधी विचारून ठेवा. पिऊन काही नुकसान झाल्यावर, सकाळी शरमून तो स्वतःच ‘आता बास’ म्हणतो, अशी वेळ येते. त्या वेळी फक्त एवढंच विचारा, ‘उद्या अकराला जाऊया? मी येते बरोबर.’