थंडीत जुनी पिकअप सुरू व्हायला वेळ घेते? आधी आवाज ऐका, मग पाना हातात घ्या

थंडी पडू लागली की जुन्या पिकअपच्या तक्रारी वाढतात. उन्हाळ्यात एका चावीत सुरू होणारी गाडी पहाटे माल भरून तयार असताना कण्हायला लागते. भाजीपाला, फुले, दूध असा नाशवंत माल असला तर अर्ध्या तासाचा उशीरही भावाला फटका देतो. अशी गाडी बहुतेक वेळा एका रात्रीत बिघडलेली नसते. बॅटरी, अर्थिंगची पट्टी, हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारे प्लग) किंवा डिझेलची लाइन यांपैकी काहीतरी कित्येक महिने कमजोर होत आलेले असते आणि हवा उबदार होती तोवर ते झाकून राहिलेले असते. म्हणून मालाची धावपळ सुरू होण्याआधी एक मोकळी सकाळ काढून पुढील तपासणी करावी. डोळे, कान आणि एक साधा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारे छोटे यंत्र) असला तरी निम्म्याहून अधिक काम घरीच होते.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गाडी अडली की लोक आधी बॅटरी बदलतात, तरी जमले नाही तर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) काढतात, आणि शेवटी दोष एखाद्या गंजलेल्या वायरीत निघतो. तपासणीचा क्रम पाळला तर हा खर्च टळतो.

दुखणे नेमके कोणते?

‘गाडी लवकर सुरू होत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. पहिल्यात सेल्फ मारला की इंजिन जड, संथ फिरते. दुसऱ्यात इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही. बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. पहिले दुखणे बहुधा विजेचे असते, दुसरे इंधनाचे, हवेचे किंवा उष्णतेचे. हा फरक ओळखल्याशिवाय एकही नट सैल करू नये.

चावी फिरवल्यावर टक-टक-टक असा झरझर आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. एकच जोराचा ‘टक्’ येऊन इंजिन हललेच नाही, तर संशय सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचचे) संपर्क, सेल्फ किंवा त्याची जाड वायर यांच्यावर घ्यावा. काहीच आवाज आला नाही तर फ्यूज, रिले आणि चावीचा स्विच पाहावा.

ही परीक्षा रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवरच करावी. एकदा इंजिन सुरू होऊन गरम झाले की दोष लपतो. गाडी फक्त पहाटे अडते, की माल उतरवून पंधरा-वीस मिनिटांनी परत सुरू करतानाही अडते, हेही लक्षात ठेवावे.

इंजिन संथ फिरत असेल तर

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरने मोजावी. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.२ च्या आसपास म्हणजे जेमतेम अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग, मग बाकीची तपासणी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा येतो. अशा वेळी हेडलाइट एक-दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोडे थांबून मोजावे.

पण उभ्या बॅटरीचा आकडा पुरेसा नाही. आतून थकलेली बॅटरीही १२.६ दाखवू शकते. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर, आणि दुसऱ्या माणसाने चावी फिरवायची. मफलर, ओढणी, सैल बाही पंखा-पट्ट्यापासून दूर ठेवावी. साधारण हवामानात व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरू नये. कडाक्याच्या थंडीत ते थोडे अधिक उतरते. फारच घसरले तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट खेचतो आहे. आणि साडेदहाच्या वर टिकले, तरीही इंजिन संथच फिरले, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट वाटेत अडतो आहे.

ती वाट शोधायची पद्धत सोपी आहे, पण फार कमी लोक ती वापरतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर त्या वायरीत किंवा जोडात अडथळा आहे. मग एक पिन मायनस खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ, उघड्या धातूवर ठेवून तेच करा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंग खराब आहे.

शेतीच्या गाड्यांत हे अर्थिंगच जास्त वेळा गोत्यात आणते. इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणीची पट्टी खाली असते. चिखल, शेणखताचा ओलावा आणि रासायनिक खताची भुकटी तिच्यावर बसते. खते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि तांबे, लोखंड दोन्ही खातात. पट्टी वरून शाबूत दिसते, पण वॉशरखाली हिरवा-पांढरा थर असतो. ती खोलून तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. खताच्या गोण्या वाहून झाल्यावर गाडीचा खालचा भाग साध्या पाण्याने धुण्याची सवय लावली तर ही पट्टी कितीतरी वर्षे टिकते.

बॅटरीचे टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत. ते पाणी बॅटरीच्या कप्प्यात मात्र जाऊ देऊ नये. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको आणि डोळ्यांवर चष्मा असावा. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेट उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढेच. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) असेल तर सगळे कप्पे तपासा. पूर्ण चार्ज करूनही एका कप्प्याचे माप इतरांपेक्षा ०.०५० ने कमी येत असेल तर तो सेल गेला, आणि त्याबरोबर बॅटरीही.

बॅटरी ठीक असूनही रोज उतरत असेल तर सुरू इंजिनवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवे. कमी असेल तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारे यंत्र) किंवा त्याचा पट्टा. चार्जिंगही बरोबर असेल तर वापर आठवून पाहा. शेत ते गोठा अशा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांत सेल्फने घेतलेले बॅटरीला परत मिळत नाही, विशेषतः अंधारात दिवे लावून चालवताना.

सेल्फपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचते आणि तरीही तो कण्हतो, असे सिद्ध झाल्यावरच सेल्फ उतरवावा. बहुधा आतले कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) झिजलेले किंवा बुश (दांडा पेलणाऱ्या कड्या) ढिले झालेले असतात. इंजिन गरम असतानाच सेल्फ जड चालत असेल तर बुशवरचा संशय आणखी बळावतो. पहाटे मात्र ऑइलही एक कारण असते. थंडीत २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल इंजिनला जखडून ठेवते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा. तो जितका लहान तितके ऑइल थंडीत सहज वाहते. कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर हंगामापुरते कमी आकड्याचे ऑइल घ्यावे.

इंजिन चांगले फिरते, पण पेट घेत नाही

आता धुराड्याकडे पाहा. डिझेल गाडीत इतके सरळ उत्तर दुसरे कुठलेच मिळत नाही. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते पण जळत नाही, म्हणजे आत पुरेशी उष्णता नाही. काळा धूर असेल तर हवा कमी पडते आहे. मळणीच्या दिवसांतला भुसा भरलेला एअर फिल्टर आधी उघडा.

पांढऱ्या धुराचे नेहमीचे कारण हीटर प्लग. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा असतो. घाईत हे राहून जाते. दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात असे नाही. सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचे टोक व इंजिनची बॉडी यांच्यात रोध मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच वाचत नसेल तर तो प्लग जळालेला आहे. चारपैकी दोन गेले तरी उन्हाळ्यात गाडी सुरू होते, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. सगळे प्लग चांगले निघाले तर रिले आणि मोठा फ्यूज तपासा.

धूर नसेल तर लाइनमध्ये एअर शिरते का ते पाहा. लक्षण ओळखीचे आहे: पहाटे बराच सेल्फ, मग गाडी सुरू होऊन क्षणभर डचमळते किंवा बंद पडते, पुन्हा सुरू केल्यावर दिवसभर छान चालते. रात्रभरात डिझेल टाकीकडे परतलेले असते. ज्या जोडातून हवा आत जाते तिथून डिझेल बाहेर गळेलच असे नाही, म्हणून नुसते कोरडे बघून समाधान मानू नका. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा घातला तर सेल्फ मारताना बुडबुडे दिसतात. जुन्या रबरी नळ्या, क्लिपा, तांब्याचे वॉशर आणि फिल्टरवरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) ही नेहमीची ठिकाणे. पहाटे सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबून पाहा. त्याने गाडी लगेच सुरू झाली तर निदान झाले. कॉमन रेल इंजिनची (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून उच्च दाबाचे डिझेल मिळते) ती उच्च दाबाची लाइन मात्र घरी कधीही खोलू नये. त्या दाबाची बारीक धारही कातडी भेदून आत जाते.

डिझेल ड्रममध्ये साठवून वापरत असाल तर पाण्याचा विचार आधी करा. अर्धवट भरलेल्या ड्रममध्ये रात्रीच्या गारव्याने पाणी धरते आणि तळाशी बसते. ड्रमच्या अगदी तळातून डिझेल घेऊ नये, गाळून घ्यावे, आणि फिल्टरखालचा पाण्याचा नट अधूनमधून सोडून पाहावा. गोठणारी थंडी पडते तिथे डिझेलमधले मेण जमून फिल्टर बंद होतो. त्यावर हिवाळी डिझेल हाच उपाय.

पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’ करून दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, असे तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर पंपाचा दाब रात्रीत उतरतो आहे. नाही तर स्पार्क प्लग, कॉइल आणि कूलंट टेम्परेचर सेन्सर पाहावेत. कार्ब्युरेटर असेल तर चोक.

आणखी एक शत्रू म्हणजे उंदीर. धान्याजवळ उभी राहणारी गाडी थंडीत त्यांना उबदार घर वाटते. वायरिंगचे कुरतडलेले टोक, एअर फिल्टरच्या डब्यातले घरटे, चावलेली डिझेलची नळी हे सगळे मीटर लावण्याआधी डोळ्यांनी शोधून घ्यावे.

हे करू नका

हीटर प्लग असलेल्या डिझेल इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन, रिंगा मोडू शकतात. ऑइल पातळ करायला इंजिनखालच्या ऑइल चेंबरखाली जाळ करणे म्हणजे गाडीसकट मालाला आग लावणे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. पुढच्या प्रयत्नाआधी मिनिटभर थांबावे, नाहीतर चांगला सेल्फही जळतो. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावताना शेवटचा मायनस चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा.

एवढे सगळे पाहूनही पांढरा धूर आणि लांबलचक सेल्फ कायम असेल, तर गाडी मेकॅनिककडे न्या आणि कम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) व नोझल (डिझेल फवारणारे टोक) तपासायला सांगा. कॉमन रेल असेल तर इंजेक्टरचे रिटर्न डिझेल मोजून घ्या. एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असेल तर सेल्फच्या वेळी रेलमध्ये दाबच तयार होत नाही. जाताना थंड गाडीचे मीटरचे आकडे, धुराचा रंग आणि गाडी कोणत्या वेळी अडते ते कागदावर लिहून न्या, आणि शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे सोडा, म्हणजे मेकॅनिकला ती सकाळी थंड असतानाच ऐकता येईल.