आपल्या भागातलं जंगल किती तुटलं, हे स्वतः कसं मोजावं?

पावसाळ्यात ताम्हिणीला जाऊन आलेला माणूस शपथेवर सांगेल की पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत जंगल भरपूर आहे. सरकारी आकडाही दिलासा देईल, कारण भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जमिनीवर १० टक्के वृक्षछत्र असलं की ते 'वनाच्छादन'. मग मालकी कुणाचीही असो आणि झाडं आमराईतली का असेनात. तेव्हा आपलं रान आपणच मोजलेलं बरं. कॉम्प्युटर, इंटरनेट आणि मोकळे दोन-तीन रविवार एवढं पुरतं.

आधी जागा ठरवा. अख्खा तालुका घेऊ नका, एका गावाची शीव किंवा एखादं खोरं घ्या.

मग उपग्रहाची चित्रं, एक जुन्या वर्षाचं आणि एक अलीकडचं. सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. त्याआधीचं हवं असेल तर लँडसॅट, पण तिथे ठिपका ३० मीटरचा. दोन्ही वर्षांचा महिना एकच हवा, आणि आपल्याकडे तो डिसेंबर. ऑक्टोबरात गवतही हिरवंगार असतं, एप्रिलमध्ये पानगळीची झाडं उघडी पडतात. डिसेंबरात गवत वाळलेलं, झाडांवर बरीचशी पानं आणि आभाळ निरभ्र.

आता क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, नकाशाचं प्रक्षेपण 'यूटीएम ४३ उत्तर' ठेवा (नाहीतर क्षेत्रफळ भलतंच येतं) आणि दोन्ही वर्षांच्या जंगलाच्या कडा गिरवा. हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, मदतीला घ्या, पण त्याच्यावर सोडून देऊ नका. त्याला ऊस, गिरीपुष्प आणि जांभूळ सगळं सारखंच हिरवं. शंका आली की गूगल अर्थ प्रोमध्ये त्याच जागेची जुनी चित्रं बघा.

क्षेत्रफळातला फरक म्हणजे तोड. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी गोम पुढेच आहे. समजा एक किलोमीटर लांब-रुंद, १०० हेक्टरचं रान आहे. कडेपासून १०० मीटरपर्यंत ऊन, वारा, वणवा, गुरं आत शिरतात असं धरलं, तर आतला गाभा ६४ हेक्टर. मधोमध २० मीटर रुंदीचा रस्ता काढला. जंगल गेलं फक्त २ हेक्टर. पण आता दोन तुकडे झाले, प्रत्येकाला नवी कड आली, आणि दोन्ही गाभे मिळून उरले ४६.४ हेक्टर. म्हणजे गाभ्यातले १७.६ हेक्टर गेले, एरवी कुणाच्या हिशेबात न येता! क्यूजीआयएसमध्ये 'बफर' या साधनाला उणे १०० मीटर अंतर दिलं की गाभा आपोआप निघतो. तुकड्यांची संख्या आणि सर्वांत मोठ्या तुकड्याचं क्षेत्रफळ सोबत लिहून ठेवा. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाणाऱ्या शेकरूला एकूण हेक्टरांशी काय करायचंय?

नंतर पायी फिरा. मोबाइलच्या जीपीएसवर शंकेच्या जागा गाठून गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. भाताच्या राबासाठी (रोपांचा वाफा भाजण्यासाठी) ऐनाच्या फांद्या छाटलेल्या असतील तर चित्रात रान विरळ दिसतं. ती तोड नव्हे, ऐन पुन्हा फुटतो.

शेवटी पैशाचा दाब, म्हणजे जमिनीच्या खरेदी-विक्रीचा रानावर येणारा ताण. रस्त्यापासून ५००-५०० मीटरचे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात आधीच्या जंगलातलं किती टक्के गेलं ते काढा. सह्याद्रीच्या या बाजूला बरंच रान खाजगी मालकीचं आहे, त्यामुळे गेलेल्या तुकड्यांचे सातबारे आणि फेरफार बघा. नावं टिपू नका, फक्त खरेदीचं साल टिपा. आधी खरेदी, मग तारेचं कुंपण, मग जेसीबी असा क्रम सापडला, तर विकले गेलेले पण अजून झाडं उभी असलेले जमिनीचे गट नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा. पुढच्या डिसेंबरात मोजणी तिथूनच सुरू करायची.