निसर्गोपचारात करिअर करताय? या चुका टाळा

निसर्गोपचार शिकायला येणारी बरीच मुलं एक समज घेऊन येतात: माती, पाणी, ऊन, उपवास, यात अपाय तो काय होणार? मीही तोच समज घेऊन आले होते. तो उतरला एका पेशंटच्या पायाला फोड आले तेव्हा.

निवृत्त एसटी कंडक्टर, 15 वर्षांचा मधुमेह, गुडघेदुखीसाठी आलेले. मी गरम पादस्नान लिहून दिलं. पाय टबात ठेवल्यावर विचारलं, "काका, पाणी फार गरम नाही ना?" "नाही हो मॅडम, कोमटच आहे." दुसऱ्या दिवशी दोन्ही पावलांच्या कडेला टपोरे फोड. पाणी चांगलंच गरम होतं, पण त्यांच्या पायांना ते कळत नव्हतं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. टबाशेजारी उभी असताना ते आठवलं नाही. जखमा भरायला कित्येक आठवडे लागले, आणि त्या काळात काकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून पाण्याचं तापमान थर्मामीटरने बघितल्याशिवाय कुणाचा पाय टबात जात नाही. मधुमेही पेशंटच्या तळव्याची संवेदना आधी 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे तेवढाच दाब देणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने, तपासते. ती कमी असेल तर गरम पादस्नान नाही, मग पेशंट कितीही आग्रह करो.

गोळ्यांची पिशवी न बघणं

नवीन डॉक्टर हमखास चुकतो तो इथे. पेशंट घरून प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या घेऊन येतो आणि आपण ती न उघडताच उपवास किंवा रसाहार सुरू करतो. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू ठेवून कुणी दिवसभर नुसत्या लिंबूपाण्यावर राहिलं, तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं "शरीरातली घाण बाहेर पडतेय" म्हणून सोडून देऊ नका. लगेच शुगर तपासा, पेशंट शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या, नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात हलवा.

याच्या उलट चूक आणखी जीवघेणी आहे. टाइप 1 मधुमेहाच्या पेशंटचं इन्सुलिन बंद करायला सांगू नका, एका दिवसासाठीही नाही. कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणं, व्हायला फार वेळ लागत नाही. कुठलीही चालू गोळी कमी करायची असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. फोन केल्याने आपला मान कमी होत नाही. माझ्याकडे आज येणारे निम्मे पेशंट अशाच डॉक्टरांनी पाठवलेले असतात.

रसांचंही तसंच. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाला नारळपाणी देऊ नका, पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते. दुधीचा रस आधी थेंबभर जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा ओतून द्या, कडू दुधीने माणसं दगावली आहेत.

प्रवेश घाईत घेणं

खरी पदवी बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी. साडेचार वर्षं शिक्षण आणि 1 वर्ष इंटर्नशिप. कॉलेजला पेशंट दाखल असणारं स्वतःचं रुग्णालय आहे का, ते बघून या. शक्य तर सकाळी सातला जा, उपचारकक्षात किती गर्दी आहे ते कळेल. घरबसल्या काही महिन्यांत मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर नावापुढे 'डॉ.' लावू नका.

नोंदणीचा प्रश्नही आधीच समजून घ्या. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचं नियमन करणाऱ्या 2020 च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात निसर्गोपचार नाही. कर्नाटकात राज्याच्या कायद्याने नोंदणी होते, इतरत्र नियम वेगळे. ज्या राज्यात दवाखाना टाकायचा तिथली स्थिती प्रवेशाआधीच विचारा, पदवी हातात पडल्यावर नाही.

ड्रॉवरमधल्या स्ट्रिप्स आणि दारावरचा बोर्ड

पेशंटला लवकर बरं वाटावं म्हणून काही जण ड्रॉवरमध्ये पेनकिलर, अँटिबायोटिक ठेवतात. 1996 साली पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अॅलोपॅथीची औषधं देणाऱ्या होमिओपॅथला दोषी धरलं. आपल्यालाही तोच न्याय लागू पडेल. आणि बोर्डावर "मधुमेह मुळापासून बरा", "कॅन्सरवर खात्रीशीर उपाय" असलं काही रंगवू नका. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे आशेने आलेला माणूस त्या ओळीवर विश्वास ठेवून आपला चालू उपचार सोडतो.

न पाळता येणारा आहारतक्ता

पेशंट दोन आठवड्यांनी येतच नाहीत, अशी तक्रार नवीन डॉक्टर करतात. मी त्यांचा तक्ता मागवते. त्यात अॅव्होकाडो, किनोआ, बदामाचं दूध. पेशंट भोसरीतला, रात्रपाळी करणारा, डबा रात्री दोनला उघडणारा. कसं जमणार?

गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात रमले होते, पण खेड्यातला गरीब शहरातल्या केंद्रात येऊ शकणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून 1946 मध्ये त्यांनी उरुळी कांचन गाठलं. आपला तक्ताही त्याच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहायचा आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक. कारखान्यात चहा किती वेळा होतो तेही विचारा आणि त्यातला एकच कमी करायला सांगा. त्या भोसरीच्या पेशंटशी मी त्याच्या बायकोला समोर बसवून बोलले, कारण डबा ती भरते. तिने विचारलं, "मॅडम, रात्रीच्या डब्यात भाताऐवजी भाकरी दिली तर चालेल ना? मऊ राहावी म्हणून दुधात मळून देते." तक्त्यात तेवढंच लिहिलं, आणि तो पुढच्या वेळी आला.