मार्गशीर्षातले गुरुवार बुधवारीच सुरू होतात

दिवाळीचा कंदील उतरवला की आमच्या परळच्या इमारतीत जिन्यात भेटणारी प्रत्येक नवी सून एकच विचारते, "काकी, पहिला गुरुवार कधी?" मग पाठोपाठ बाकीचे प्रश्न. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. मी फोर्टात नोकरी करून मार्गशीर्षातल्या महालक्ष्मीच्या व्रताचे हे गुरुवार केले आहेत, त्यामुळे इथलं सगळं लोकल पकडणाऱ्या बाईच्या घड्याळाप्रमाणे आहे. ज्यांची सकाळ मोकळी असते त्यांनी सावकाश, हवं तितकं साग्रसंगीत करावं.

आधी कालनिर्णय बघा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं तेव्हापासून मुंबईतल्या मराठी घरात महिन्याचा हिशेब त्याच्यावरच चालतो. कार्तिकी अमावस्या संपली की मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. तिथपासून पुढच्या अमावस्येपर्यंत जेवढे गुरुवार येतील ते आपले, कधी चार तर कधी पाच. उदाहरणादाखल २०२५ साली महिना २१ नोव्हेंबरला लागला आणि गुरुवार आले २७ नोव्हेंबर, ४, ११ आणि १८ डिसेंबरला. शेजारी उत्तर प्रदेशातलं कुटुंब असेल तर त्यांचा अगहन आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो. त्यामुळे मोबाइलवर कुणी हिंदीतून तारखा पाठवल्या तर गडबडून जाऊ नका. गुजराती शेजारणीचा मागशर मात्र आपल्याबरोबरच चालतो.

गुरुवारांच्या नादात महिन्यातले बाकीचे दिवस विसरू नका. पहिलाच दिवस देवदिवाळीचा. कोकणातल्या घरांतून त्या दिवशी कुळदैवताला आणि ग्रामदैवताला नैवेद्याची पानं वाढतात, तुमच्याकडे कुणाकुणाचं पान असतं ते सासूबाईंना आत्ताच विचारून लिहून घ्या. षष्ठीला चंपाषष्ठी, म्हणजे खंडोबाचं षड्‌रात्र संपतं. ताम्हनात भंडारा, खोबरं, सुपारी घेऊन तळी उचलायची, "सदानंदाचा येळकोट" म्हणायचं आणि वांग्याचं भरीत नि बाजरीचा रोडगा खायचा. चातुर्मासात ज्यांनी कांदा-वांगं सोडलेलं असतं ते या दिवसाची वाट बघत असतात. एकादशीला गीता जयंती. "मासानां मार्गशीर्षोऽहम्" असं दहाव्या अध्यायात भगवंतांनीच म्हटलंय, तेव्हा महिन्याच्या मोठेपणाबद्दल मी वेगळं काय सांगू! पौर्णिमेला दत्तजयंती. जन्म संध्याकाळचा, प्रसाद सुंठवड्याचा, आणि ज्यांच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह असतो त्यांच्याकडे आठवडाभर मोठ्याने बोलायची सोय नाही. त्या रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जाऊन पूर्वेला बघा. एका रेषेत तीन तारे दिसतात तो मृगाच्या पोटातला बाण, खाली सगळ्यांत ठळक चमकतो तो व्याध. या पौर्णिमेचा चंद्र त्याच मृगशीर्षाच्या आसपास असतो, महिन्याचं नाव त्यावरूनच पडलं. मुंबईच्या दिव्यांतूनही एवढं दिसतं.

आता मुद्द्याचं. गुरुवारी सकाळी धावपळ होते ती पूजेमुळे नव्हे, बुधवार हातचा घालवल्यामुळे होते.

बुधवारी मासे आणणार असाल तर दुपारीच उरका. संध्याकाळी ओटा घासून घ्या, विळी-सुरी धुऊन घ्या, फ्रीजमधला मासळीचा डबा रिकामा करा. काहीजण पूर्ण महिना पाळतात, काहीजण फक्त गुरुवार. ज्याने त्याने आपापल्या घरचं बघावं, दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये.

फुलं घ्यायची तर बुधवारी पहाटे किंवा सकाळी लवकर. दादर पश्चिमेला सेनापती बापट मार्गावर मीनाताई ठाकरे फूल मंडई आहे, आणि बाहेर फुटपाथवरही तेवढाच बाजार भरलेला असतो. वसईकडची फुलं पहाटेच्या गाड्यांनी येतात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गेलात तर तीच शेवंती दुप्पट भावाने आणि अर्धी चुरगळलेली मिळते. सकाळी घेतलेली फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी टवटवीत निघतात. कमळ घेणार असाल तर कळीच घ्या. वेणी तेवढी संध्याकाळी घ्या, ती फ्रीजमध्ये काळी पडते.

पानांची जुडी घेताना सोडून बघा. पूजेच्या तांब्यात नारळाभोवती लावायला पाच प्रकारच्या झाडांचे डहाळे हवेत. आमच्याकडे आंबा, पेरू, चिकू, डाळिंब, सीताफळ असे घेतात. गर्दीच्या दिवशी विकणारी बाई आंब्याच्याच दोन फांद्या घालून जुडी बांधते, आणि आपण घरी येऊन मोजतो तेव्हा चारच निघतात. तिथेच सोडा, मोजा, हवं तर बदलून मागा. बिचारी ती पण रात्रीच्या गाडीने पाला घेऊन आलेली असते, तेव्हा गोड बोलून मागा. पाच फळांचा वाटा तिथेच मिळतो, पण केळी सुटी घ्या, वाट्यातली एक तरी काळी असतेच.

नारळाचं मी जरा जास्त सांगते, कारण त्यातच सगळ्यांचं अडतं. शेंडी असलेला, हलवल्यावर पाणी वाजणारा नारळ घ्या. डोळ्यांपाशी ओलसर किंवा बुरशी धरलेला नको. आणि तो तुमच्या तांब्याच्या तोंडापेक्षा मोठा हवा. घरचा तांब्या रुंद तोंडाचा असेल तर नारळ आत घसरतो आणि पूजेच्या मधेच कलंडतो. जाताना तांब्याच्या तोंडाचं माप सुतळीने घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू दे.

मुखवटे, छोट्या साड्या, नथी, कंबरपट्टे हे सगळं रानडे रोडला आणि लालबागला ढिगाने लागलेलं असतं. हौस असेल तर जरूर घ्या. पण माझ्या माहेरी नुसता नारळ असायचा, त्याला हळदकुंकू आणि एक वेणी, आणि लक्ष्मी काही रुसली नाही. वन रूम किचनमध्ये ते सामान वर्षभर ठेवायचं कुठे, हाही विचार करा.

रात्री झोपण्यापूर्वी चौरंग पुसून जागेवर ठेवा, लाल कापड, तांदूळ, सुपाऱ्या, हळकुंड, खारीक, बदाम, खोबऱ्याची वाटी एका ताटात काढून झाका. वाती वळून ठेवा. साबुदाणा भिजत घाला.

गुरुवारी आंघोळ झाली की चौरंगाखाली छोटी रांगोळी, वर लाल कापड, त्यावर तांदळाची किंवा गव्हाची रास. तांब्याला बाहेरून हळदकुंकवाची बोटं ओढा. पाणी पाऊणच भरा. काठोकाठ भरलं तर नारळ ठेवल्यावर बाहेर येऊन तांदूळ भिजतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांना वास येतो. आत दूर्वा, सुपारी, एक नाणं. मग डहाळे देठाकडून पाण्यात, चहूबाजूंनी पसरतील असे, आणि मधे नारळ, शेंडी वर. मागे लक्ष्मीचा फोटो टेकवा, समोर विडा, फळं, वाटीत दूध किंवा गूळ. गणपतीच्या सुपारीची पूजा पहिली, मग देवीची. सामान हाताशी असेल तर अर्ध्या-पाऊण तासात मांडणी आणि पूजा होते.

पोथी सकाळी नाही जमली तर संध्याकाळी वाचा, पण घाईत नको. सौराष्ट्राचा भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, त्यांची लेक शामबाला. राणी म्हातारीच्या रूपात आलेल्या लक्ष्मीला हाकलते आणि वैभव जातं, लेक मात्र व्रत करते आणि सुखात राहते. मला त्यातला मिठाचा प्रसंग सगळ्यांत आवडतो. शामबाला माहेरून निघताना मीठ घेऊन येते, नवऱ्याला आधी अळणी जेवू घालते आणि मग पानात मीठ वाढून सांगते की हेच माझ्या वडिलांच्या राज्याचं सार. लहान मुलांना इथे हमखास हसू येतं, वाचताना तेवढं थांबा.

पाळी आली तर काय, हे कुणी मोठ्याने विचारत नाही पण सगळ्यांना विचारायचं असतं. उपवास तुम्ही करा, पूजा घरातल्या दुसऱ्या कुणी करावी, अशीच रीत आहे. "दुसरं कुणी" म्हणजे सासूच असं नाही. नवऱ्याला मांडायला लावा. आमच्या ह्यांनी मांडलेला घट माझ्यापेक्षा सरळ असतो.

दिवसभराचा उपवास ऑफिसात सांभाळायचा तर डब्यात नुसती खिचडी नेऊ नका, दुपारी तीनला डोकं जड होतं. सोबत ताक आणि एखादं फळ ठेवा. गोळ्या चालू असतील, पोटुशी असाल, तर जेवून पूजा करा. संध्याकाळी दिवा लावून आरती, गोडाचा नैवेद्य, गाईचं पान बाजूला, मग जेवण. महालक्ष्मीला दर्शनाला जायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी मुळीच जाऊ नका, रांग बघूनच पाय गळतात. शुक्रवारी सकाळी जा.

शुक्रवारी आंघोळीनंतर हळदकुंकू वाहून घट हलवा. पाणी तुळशीला. डहाळे घराच्या कोपऱ्यांत ठेवतात, पण सुकले की काढा, माळ्यावर कोळ्यांचं घर होतं. निर्माल्य खाडीत टाकायला कुणी पुलावर गाडी थांबवू नये, महापालिकेचे निर्माल्य कलश असतात त्यांत टाका. राशीचे तांदूळ कोरडे असतील तर डब्यात ठेवून पुढच्या गुरुवारी तेच वापरा. नारळ शेवटपर्यंत एकच ठेवणार असाल तर दर शुक्रवारी पुसून उन्हात ठेवा.

सोळा डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनू राशीत जातो आणि धुंधुरमास लागतो. एखाद्या रविवारी उजाडताच मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी करा. मुंबईत थंडी म्हणावी अशी तेवढेच दिवस.

शेवटच्या गुरुवारी उद्यापन. सात सवाष्णी किंवा कुमारिका बोलवायच्या, हळदकुंकू, एकेक फळ आणि पोथीची एकेक प्रत द्यायची. इमारतीत सगळ्यांकडे पोथ्यांचे गठ्ठे झालेत, म्हणून मी पोथी फक्त नव्या सुनांना देते आणि बाकीच्यांना फळाबरोबर अर्धा किलो गूळ. बोलावणं बुधवारीच करून टाका, कारण त्या संध्याकाळी प्रत्येकीला चार घरी जायचं असतं. आणि वेळ साडेसहाची सांगा, तेव्हा कुठे बायका आठला येतात.