खेकडा भजी मऊ पडायची, त्यावर उपाय

पावसाळ्यात खेकडा भजी, म्हणजे उभ्या चिरलेल्या कांद्याची भजी, कढईतून कुरकुरीत निघायची आणि ताटात येईस्तोवर मऊ पडायची. खरी गोम पाण्यात. आता कांदा उभा, पातळ चिरते, मीठ चोळून 15 मिनिटं ठेवते. सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ; वरून पाण्याचा थेंबही नाही. लाल तिखट, ओवा, भरडलेले धणे सढळ हाताने (मिळमिळीत भजी करायचीच कशाला?). कडकडीत तेलाचं मोहन पिठावर चर्र वाजलं पाहिजे. सोडा नाही, त्याने भजी तेल पितात. आच मध्यम, मोठ्या आचेवर बाहेरून रंग येतो, आत ओलंच राहतं. काढल्यावर ढीग न करता चाळणीत पसरते, म्हणजे वाफ कोंडत नाही. शेवटी त्याच तेलात चिरा दिलेल्या मिरच्या तळून वर मीठ भुरभुरते.