ग्रोथ हार्मोन आणि साखर: या चुका टाळा

सांगलीत दवाखाना थाटून मला बावीस वर्षं झाली. पूर्वी तालमीतली पोरं खांदा निखळला, कान सुजला म्हणून यायची. आता फास्टिंगचा रिपोर्ट घेऊन येतात. विशीतला गडी, पोटावर चिमटीत धरावी एवढीही चरबी नाही, आणि साखर वाढलेली. या रिपोर्टांमागे ग्रोथ हार्मोनच्या सुईबाबतच्या त्याच त्या चुका बघून जीव विटला आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चरबी वितळली की संपली असं समजणं. ग्रोथ हार्मोन, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारं वाढीचं हार्मोन, चरबीच्या पेशीतला साठा फोडतं आणि दोन-तीन तासांत रक्तात फॅटी ॲसिड वाढतात. स्नायूंना हे जळण आयतं मिळालं की ते ग्लुकोज कमी उचलतात, इन्सुलिनला दाद देत नाहीत. तिकडे यकृत साखर सोडतच राहतं. ही सोय मुळात उपासासाठी आहे. पोट रिकामं असताना साखर मेंदूसाठी राखायची आणि बाकीच्यांनी चरबीवर भागवायचं. दिवसातून चार वेळा खुराक खाणाऱ्या पोराला तेच हार्मोन बाहेरून टोचलं, की भरल्या ताटावर उपासाचा कारभार सुरू होतो. यात नवं काही नाही. मधुमेही कुत्र्याची पिट्युटरी ग्रंथी काढली की त्याचा मधुमेह सौम्य होतो, हे अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ बर्नार्दो उसाय यांनी दाखवलं होतं. त्या कामाला १९४७ साली नोबेल मिळालं.

कुंडलच्या कुस्ती मैदानाची तयारी करणारा एक पोरगा आला होता. फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, ११९. विचारलं, "गोळ्या-औषध काही चालू आहे?" "न्हाई सर." मग मी खुराकाच्या मागे लागलो. थंडाईतली साखर बंद केली, भात बंद केला. तीन आठवड्यांनी आकडा १२८. पोरगा रडकुंडीला आलेला. त्यानं हात टेबलावर ठेवला तेव्हा बोटातली अंगठी मांसात रुतलेली दिसली. सकाळी बोटांना मुंग्या येतात म्हणाला. तेव्हा कुठे मी विचारलं, "सुई घेतोस का रे?"

"ती व्हय? ती औषध न्हाई सर, ताकदीची हाय."

जिममधल्या कुणीतरी दिलेली ग्रोथ हार्मोनची ती कुपी घरच्या फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे होती. सुई बंद केली, भात परत सुरू केला. दीड महिन्यात फास्टिंग ९२ वर आलं. घरात मधुमेह असलेल्या प्रत्येकाचा आकडा असा परत उतरेलच, असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्या पोराचा तीन आठवड्यांचा भात मी विनाकारण तोडला, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी तीन वेगळे प्रश्न विचारतो: गोळी? पावडर? सुई?

दुसरी चूक लॅबमधली. "ग्रोथ हार्मोन चेक करून टाका" म्हणून भर दुपारी रक्त देतात. हे हार्मोन लाटांनी सुटतं, मोठी लाट रात्री गाढ झोपेत येते आणि थोड्याच वेळात ओसरते. दुपारच्या त्या एका आकड्यावरून काही ठरत नाही. मी आयजीएफ-१ पाहतो, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः यकृत बनवतं ते द्रव्य; ते दिवसभर बरंचसं स्थिर असतं. हातपाय, जबडा वाढत चाललाय अशी शंका असेल, तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासतात. निरोगी माणसात ग्रोथ हार्मोन खाली बसतं, ॲक्रोमेगालीत, म्हणजे हे हार्मोन अंगातच जादा सुटण्याच्या आजारात, बसत नाही.

वजनकाट्याच्या आकड्यावर विसंबू नका, ही सुई अंगात पाणी धरून ठेवते. दंड भरलेला दिसला म्हणजे ताकद वाढली असंही नाही, निरोगी माणसात तसा ठोस पुरावा नाही. आणि 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत हे बंदी असलेलं द्रव्य आहे. चार महिन्यांत पैलवान व्हायची घाई असलेल्यांना मी वस्तादांकडे परत पाठवतो. जोर-बैठकांना आडवाट नाही.

एक उलटी चूकही होते. ज्या लेकराला खरोखर हार्मोन कमी पडतं आणि तज्ज्ञांनी सुई लिहून दिली आहे, त्याचे आईवडील असलं काही वाचून घाबरतात आणि सुई थांबवतात. तसं करू नका. हार्मोनच्या कमतरतेत पोटावर चरबी साठते आणि लहानग्यांची साखर उपाशीपोटी धोकादायक उतरू शकते. डॉक्टर सांगतील तेव्हा साखर तपासा, बस्स.

तपासायला येताना फ्रीजमधली कुपी खोक्यासकट आणा. तिच्यावरचं नाव वाचल्याशिवाय मी आता रिपोर्ट उघडत नाही.